वर केलेला हात

टाइमकीपरसाहेब, आधी चष्मा. कपाळावर आहे. सबंध गिरणीला उशिराची आठवण करून देणारा माणूस स्वतःचा चष्मा रोज शोधतो, म्हणून हे वाक्य मी मुद्दाम पहिलं घातलंय. लावलात? आता वाचा, आणि एकही ओळ गाळू नका. मला अक्षरं वाचता येत नाहीत, पण ओठ वाचता येतात, आणि मी पहिल्या रांगेत बरोबर तुमच्या नाकासमोर बसले आहे.

या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या गिरणीचे मॅनेजरसाहेब. वेळात वेळ काढून व्यासपीठावर आलेल्या माझ्या नातीच्या वर्गशिक्षिका बाई. ज्यांच्यासाठी हा सगळा थाट मांडलाय ते आपले जॉबर, म्हणजे माझा मुलगा. त्याच्या शेजारी बसलेली माझी सून. आणि समोर जमलेल्या माझ्या शेडमधल्या मैत्रिणींनो आणि भावांनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी स्वतः का बोलत नाही, असं कोणी विचारेल. उभं आयुष्य मागावर गेलं. त्या खडखडाटात कान अर्धे गेले आणि आवाजाचं माप पूर्ण गेलं. मी बोलायला लागले की एक तर शेजारच्या गल्लीत ऐकू जातं, नाहीतर माझं मलासुद्धा नाही. म्हणून मी सांगितलं, टाइमकीपरांनी लिहून घेतलं, आणि तेच वाचतायत. आवाज त्यांचा, भीती माझी.

हो, भीतीच. मी घाबरले आहे. टाइमकीपरसाहेब, हे पुन्हा वाचा, कारण पहिल्यांदा लोक हसले असतील. मी घाबरले आहे.

पण समारंभ मुलाचा आहे, तेव्हा त्याच्याविषयी बोलायला हवं. मॅनेजरसाहेब त्याला गिरणीचं रत्न म्हणाले असतील. दर निरोपाला म्हणतात. मागच्या वेळी बॉयलरवाल्याला म्हणाले होते. बरीच रत्नं झाली आपल्याकडे, ठेवायला जागा नाही म्हणून बाहेर पाठवतोय. माझ्या रत्नानं लहानपणी घरचं शिवणयंत्र सगळं उघडलं आणि परत जोडलं, तेव्हा मूठभर स्क्रू उरले. यंत्र अजून चालतंय. स्क्रू कशाचे होते ते त्यालाही ठाऊक नाही. पुढे तो जॉबर झाला, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. माग अडला की आधी त्यावर तळहात ठेवून गप्प उभा राहतो, डॉक्टर पोटावर ठेवतात तसा. मग पाना घेतो. इथे टाळ्या झाल्या तर थांबा. नाही झाल्या तरी थांबा, लोकांना लाज वाटेल.

आपले जुने माग परदेशातल्या एका कारखान्यानं घेतले, हे तुम्हाला माहीतच आहे. सुटे करून, तेल चोपडून, लाकडी पेट्यांत बसवून त्यांची रवानगी झाली. पेट्यांवर काचेच्या पेल्याचं चित्र होतं, म्हणजे सांभाळून न्या. मग तिकडून निरोप आला, माग जोडायला आणि चालते ठेवायला ओळखीचा माणूस हवा. बायको, मूल, आई, सगळ्यांना घेऊन या, आम्ही घर देतो. आमच्यावर मात्र पेल्याचं चित्र कोणी लावलं नाही.

जावं की जाऊ नये, यावर आमच्या घरात जे चाललं ते तुम्ही ऐकलं असतंत तर तुम्हाला शेड शांत वाटली असती.

"आई, इथे राहून मी काय दुरुस्त करू? रिकाम्या शेडच्या खिडक्या?"

"खिडक्यांनाही माणूस लागतो," मी म्हटलं.

"तिथे शाळा चांगली आहे. दवाखाना घराजवळ आहे. तुझ्या कानांसाठी यंत्र मिळेल."

"माझ्या कानांना आता काय नवीन ऐकायचंय?"

माझी सून कापड तपासायच्या टेबलावर असते. कापडातली गाठ आणि माझ्या बोलण्यातली थाप, दोन्ही तिला लांबून दिसतात. ती वाढता वाढता ऐकत होती. मग म्हणाली, "शाळा चांगली असेल हो. पण आपली पोरगी इथल्या शाळेत आपल्या भाषेत तोंड उघडत नाही. तिथे परक्या भाषेत उघडेल?"

ताटातलं तसंच गार झालं.

मॅनेजरसाहेब ऑफिसात बसतात, काच लावून, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. शेडमध्ये तोंडाचा उपयोग नसतो. शेजारचा माग चालू असताना तुम्ही छाती फाटेपर्यंत ओरडा, माशीसुद्धा उडणार नाही. म्हणून आम्ही हातांनी बोलतो. दोन बोटं फाकवली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. नाकाला हात लावून डोळे मिचकावले की काय, ते मॅनेजरसाहेबांनी विचारू नये. आणि हात सरळ वर केला की थांबवा. त्या हातापुढे दुसरं काही नाही. कोणाचाही असो, तो दिसला की आधी माग बंद करायचा, मग विचारायचं. नवीन आलेल्या प्रत्येकीला आम्ही पहिली गोष्ट हीच शिकवायचो. अडकलीस तर ओरडू नकोस, हात वर कर. या एका शिस्तीनं किती जणींची बोटं वाचली आहेत, ते समोर बसलेल्या बायकांना विचारा.

आता शेडमधली माणसं घरी आल्यावर तरी कुठे बदलतात? मी हातांनी बोलणारी, मुलगा हातांनी बोलणारा, सूनही. माझी नात, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, पाळण्यातून हेच बघत आली. आम्हाला वाटायचं, काय बडबडी पोर आहे! दिवसभर हात थांबत नाहीत. कधी एखादा शब्द तोंडानं टाकायची, आम्ही तोही हातातच धरायचो. ती बाहेर कोणाशीच बोलत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त आम्हाला सोडून.

मग, परदेशाचं बोलणं निघायच्या आधीच, तो दिवस आला. ती खेळाच्या सामानाच्या खोलीत दोरी ठेवायला गेली आणि मागून दार आपटलं. बाहेरची कडी पडली. मधली सुट्टी संपली, वर्ग भरला, भिंगरी नाही. अंगण बघितलं, टाकीमागे बघितलं, रस्त्यावर माणसं धावली. मला निरोप आला तशी मीही धावले. एक चप्पल कुठे गेली ते अजून सापडलेलं नाही. मी रस्ताभर तिला हाका मारत होते, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं, तिनं ओ दिली तरी मला ऐकू येणार नाहीये. तिथेच मी मटकन खाली बसले.

शाळेच्या सफाईवाल्या बाई झाडू ठेवायला गेल्या म्हणून दार उघडलं. आत अंधार, आणि दाराकडे तोंड करून आमची भिंगरी उभी. उजवा हात सरळ वर. तो दुखायला लागला असणार, कारण डाव्या हातानं तिनं त्याचं कोपर धरून ठेवलं होतं.

सफाईवाल्या बाईंनी विचारलं, "अगं, हाक नाही का मारायचीस?"

तिनं आपल्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं. ही काय, मारतेच आहे की.

समोरच्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही आता पदराचं टोक तोंडाला लावलं असेल. तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला. सगळं ठणठणीत. मग इथे बसलेल्या वर्गशिक्षिका बाई आमच्या घरी आल्या. त्या बसून भिंगरीकडे बघत राहिल्या. तेवढ्यात माझी मैत्रीण कांडीवाली डोकावली. आयुष्यभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, म्हणून तिचं तेच नाव पडलंय. ती म्हणाली, "काय गं भिंगरे, जेवलीस का?"

मी म्हटलं, "जेवली, पण भाजी टाकलीन्."

बाई म्हणाल्या, "आजी, भाजी टाकली हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"हिनंच की."

"मी तर काहीच ऐकलं नाही."

मी बघत राहिले. भिंगरीचे हात अजून हलत होते.

बाई हळूच म्हणाल्या, "तिला बोलायची गरजच पडत नाही, आजी. तुम्ही आहात ना." त्या चहा पिऊन गेल्या. माझा कप हातातच राहिला.

बाई, तुम्ही संकोचू नका. तुम्ही मला काहीच करायला सांगितलेलं नाही. पुढचं सगळं माझ्या डोक्यातून निघालंय, आणि ते डोकं चुकूही शकतं.

बरोबर जायचं मी कबूल केलं होतं. पासपोर्टासाठी अंगठा दिला. फोटो काढणाऱ्यानं हसू नका म्हटलं, त्याला म्हटलं, बाबा, तुला वाटतं मी हसणार होते? बॅग भरली. आणि रोज त्या बॅगेकडे बघून मला दिसायचं की काय होणार. विमानात कोणी भिंगरीला काही विचारेल. ती माझ्याकडे वळून हात हलवेल. मी काय करीन? मला त्यांची भाषा येत नाही. म्हणजे एक मुकी, आणि तिची दुभाषीही मुकी. तिचे आई-बाप कामावर गेले की दोघी दिवसभर एकमेकींच्या आडोशाला राहू, आणि तिला ते आवडेल, आणि मलाही आवडेल. मी मरेपर्यंत आवडेल. त्यानंतर?

आणि नाही गेले तर? तर तिकडच्या कुठल्यातरी दाराआड ती हात वर करून उभी राहील, आणि आई-बाप कामावर असताना त्या अख्ख्या देशात त्या हाताचा अर्थ कोणाला कळणार नाही.

तर अध्यक्षमहाराज, आज तुम्ही चौघांना निरोप देताय. तिघांनाच द्या. मी जाणार नाही.

टाइमकीपरसाहेब, इथे थांबा. माझा मुलगा उठून उभा राहिला असेल. त्याला सांगा, व्यासपीठावर अध्यक्षांच्या परवानगीशिवाय बोलायचं नसतं. म्हणूनच मी हे घरी न सांगता इथे सांगतेय. घरी तो एकदा "आई" म्हणाला असता आणि मी बॅग उचलली असती. सुनेकडे मात्र मी आत्ता बघणार नाही. तिला बहुतेक आधीच दिसलं असेल.

माझी काळजी नको. कांडीवाली माझ्याकडे राहायला येतेय. ती घोरते, मला ऐकू येत नाही, आमचं जमेल. फोनवर चित्र दिसतं म्हणतात, हातांनीही बोलता येतं. मी चित्र बघणार नाही. फोन कानाला लावणार. कान असे, तेव्हा भिंगरीला बोलावंच लागेल, आणि तेही ओरडून. आणि ती बोललीच नाही तर? तर मी मुका फोन कानाला लावून बसून राहीन. किती वेळा, ते मला माहीत नाही. सगळ्यात जास्त मी त्यालाच भ्यायले आहे.

भिंगरीला मी काल सांगितलं. हातांनीच सांगितलं, शेवटचं. तू जा, मी इथे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात सरळ वर केला.

उभ्या आयुष्यात शेडमधला वर केलेला हात बघून मी थांबले नाही, असं कधी झालं नव्हतं. काल मी मान वळवली आणि कपडे घड्या घालत राहिले. ती बराच वेळ तशीच उभी होती. मला माहीत आहे, कारण भिंतीवर सावली दिसत होती.

असो. दिवाणखान्यासारखा सजवलेला हा हॉल दिल्याबद्दल मॅनेजरसाहेबांची मी आभारी आहे. चहाची सोय करणाऱ्या कँटीनच्या मंडळींची, बाईंची आणि ज्यांनी माझ्यासोबत माग चालवले त्या सगळ्यांचीही. सांगण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. वाचण्यात चुकलं असेल तर टाइमकीपरांना धरा.

सूनबाई, आता तुझ्याशी. तिकडून मला चॉकलेटं पाठवू नकोस, दातांना झेपत नाहीत. मऊ बिस्किटं पाठव. पण ती तू घ्यायची नाहीस, आणि त्यानंही नाही. भिंगरीला दुकानात पुढे कर, तू मागे उभी राहा, आणि तिनं तोंडानं मागितलेला पुडाच मला पाठव. बोटानं दाखवून घेतलेला नको. तिनं बिस्किटं मागितली आणि दुकानदारानं न समजून मिठाचा पुडा तिच्या हातात ठेवला, तर मीठ पाठव.