आर्विडच्या दुकानातला नसलेला जॅक

सन्माननीय अध्यक्षा बर्निसबाई होल्टे, आजचे सत्कारमूर्ती श्री. आर्विड टॉलेफसन, मंचावरील आपल्या मोटरसायकल क्लबचे पदाधिकारी, आणि भाषणं कधी संपतात याची वाट पाहत केककडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी डुएन केसलर. मला चार शब्द बोलायला सांगितलंय. माझे चार शब्द किती लांबतात हे तुम्हाला ठाऊक आहेच.

एकेचाळीस वर्षं मोटरसायकलच्या सामानाचं दुकान चालवून आर्विड आज निवृत्त होताहेत. त्यांच्याकडून वस्तू घेणं म्हणजे काय, हे का मी सांगायला हवं? अकरा वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, मी घरी वापरायला मोटरसायकलचा जॅक घ्यायला गेलो. तर यांनी माझीच उलटतपासणी सुरू केली! गाडीचं वजन किती? गॅरेजची जमीन सपाट आहे का? मग म्हणाले, "आणि वर चढवल्यावर गाडी धरणार कोण?"

"कोण म्हणजे? जॅक!"

"अरे शहाण्या, जॅकमधलं तेल गाडी उचलतं. धरायला लोखंडी खिट्टी लागते. ती खट्कन बसल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. तुझ्या धुडाला पेलेल असा मागवतो. तीन आठवडे थांब."

तीन आठवडे! मिनेसोटात, पाच महिने बर्फ उपसल्यावर, रस्ता नुकता कोरडा झालेला असताना? तुमच्यापैकी कोण थांबलं असतं? मी हायवेवरच्या एका सेलमधून दुसरा जॅक उचलून आणला. स्वस्त, चकचकीत, बिनखिट्टीचा. आणि धाकट्या भावाला, लायलला, तो वापरायलाही दिला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लायल गाडीखाली हात घालून इंजिनचं तेल काढत होता, तेवढ्यात जॅक खचला आणि गाडी खाली आली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. याच सभागृहात दर शनिवारी तो अकॉर्डियन वाजवायचा. त्यानंतर त्याने ते उघडलेलं नाही.

आता जे माहीत नाही ते. इस्पितळात लायलच्या बायकोने, मार्लिसने, विचारलं, "भावजी, कुठून आणला होतात तो जॅक?" माझ्या तोंडून निघालं, "आर्विडकडून." घाबरलो होतो. पण दुसऱ्या दिवशी घाबरलेलो नव्हतो, तरी खरं बोललो नाही.

आर्विड अपघाताच्याच संध्याकाळी बटाट्याच्या हॉटडिशचं गरम भांडं घेऊन लायलच्या घरी आले होते. "तुमच्याच जॅकने हे केलं" म्हणत मार्लिसने दारातूनच परत पाठवलं. ते भांडं घेऊन माघारी गेले. पुढचे दोन हंगाम तुम्ही त्यांच्या दुकानाची पायरी चढला नाहीत. अध्यक्षा म्हणाल्या, दुकान वयोमानामुळे बंद होतंय. बर्निसबाई, थोडं माझ्यामुळेही होतंय.

मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?" हेल्मेटची काच पुसत म्हणाले, "लायलला भाऊ एकच आहे. दुकानं गावात आणखी दोन आहेत."

लायल, तिसऱ्या रांगेतून असा बघू नकोस रे. तो जॅक आर्विडच्या दुकानातला नव्हता. मी आणला होता.

संयोजकांचे, आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींचे आभार. भाषण लांबलं, त्याबद्दल सभागृहाने सांभाळून घ्यावं. बाकीच्याबद्दल सांभाळून घ्या असं म्हणायचा मला हक्क नाही. आर्विड, अकरा वर्षं तुम्ही माझं खोटं धरून ठेवलंत. आता सोडा.