पेटीची किल्ली माझ्याकडे होती

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मोठ्या बाई आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

बाईंबद्दल चार शब्द बोलायला मला सांगितलं आहे. मी ते लिहून आणलेत, कारण न लिहिता बोलले की माझं चुकतं. बाई हसताहेत. "ही स्वतःच्या लग्नपत्रिकेवरही आवक क्रमांक टाकेल," असं त्याच म्हणायच्या. काय करणार? घरात लिहायला शिकलेली मी पहिली. सरकारी कागद अजून दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही.

साथीच्या दिवसांत नव्याने आलेल्या निर्वासितांचे वास्तव्य परवाने आपणच नोंदवत होतो. खिडकी बंद, फाटकाशी पेटी. कागदावरून लागण होऊ नये म्हणून अर्ज पेटीत पडला की एक दिवस हात लावायचा नाही, असा आदेश होता. बाई आजारी पडून घरी होत्या, किल्ली माझ्याकडे होती. धोका नको म्हणून मी एकाचे तीन दिवस केले. कुणाला विचारलं नाही.

एक काका काचेपलीकडे येऊन उभे राहिले. त्यांची बायको नदीपलीकडच्या दवाखान्यात होती आणि नोंदीची चिठ्ठी दाखवल्याशिवाय पुलावरून सोडत नव्हते. म्हणाले, "ताई, काल टाकलेले आमचे दोघांचे अर्ज सगळ्यात वर आहेत. नुसता हात घाला."

मी म्हटलं, "परवा या, काका."

ते परवा आले. मी चिठ्ठी सरकवली. त्यांनी ती उचलली नाही.

"आता पूल ओलांडून काय करू? तिचा अर्ज तेवढा नोंदवा. ती इथवर आली होती, हे कुठेतरी लिहिलेलं राहू दे."

मृत व्यक्तीची नोंद होत नाही. बाई त्याच सकाळी कामावर परतल्या होत्या. त्यांनी नोंदवही ओढून घेतली, अर्ज पेटीत पडला त्या दिवसाची तारीख घातली आणि स्वतः सही केली. पुढे चौकशी झाली, तेव्हा तीन दिवसांची सूचनाही आपलीच, असं त्यांनी लिहून दिलं. त्यांची बढती तिथेच अडली. या कार्यालयात त्यांना किती बोल लावले गेले, आणि मी शेजारच्या टेबलावर बसून ते ऐकलं. "तुझी नोकरी अजून कच्ची आहे, गप्प राहा," असं त्यांनी मला बजावलं होतं. मी गप्प राहिले ते त्यांचा मान राखून, की भिऊन?

ती सूचना माझी होती. बाई, मान हलवू नका. अध्यक्ष महोदय, हे आजच्या इतिवृत्तात लिहून घ्यावं, ही विनंती.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या. त्या तीन दिवसांची माफी मात्र मी इथे मागत नाही. ती देण्याचा हक्क ज्यांना आहे, ते या सभागृहात नाहीत.