राखेचं पानी

नाई, त्या भात्याले हात नोको लावू — बस तिकडं बाजेवर. नितेश ना तू, आमच्या दामिनीच्या लॅबमधला? अन् आता सांगतं, तिच्या कोळशाचा उरलेला डबा लॅबमंदी सापडला, मोजला तं तिचे आकडे खरे निघाले. मंग इचाराले आला, कसा केला. कसा म्हंजे? पऱ्हाटी जाळली. लोहाराच्या घरी अजून काय जळते?

बोंडअळी आली त्या वर्षी साऱ्या नांदगावात कपाशीच्या पऱ्हाट्यायचे ढीग. पोरगी म्हने, बाबा, कोळसा करून द्या, राख नोको. मले शिकवते! डब्यात कोंबल्या, झाकन चिखलानं लिंपलं, भट्टीत ठेवला. तो कोळसा तिनं खलला, त्यावर मँगनीजचा लेप देल्ला — डोयाले न दिसनारा — अन् पट्टी केली. बॅटरी दिवसभर चरते, म्हने, हे मिनिटात पोट भरते. सुपरकॅपॅसिटर. या ऐरनीपाशी तिनं त्यावर दिवा लावून दाखोला. म्या काय म्हनलं? लगन कधी करतं.

मंग तुमी अमरावतीले पऱ्हाटी जाळली. दहादा जाळली, नाई जमलं. तुमच्या साहेबानं सगळ्यायसमोर तिले खोटं पाडलं — आकडे मनानं लेहले म्हने. तू होता ना तिथं? बोल्ला काही? म्या तरी कुठं बोललो. त्याच दिवशी आली, इथंच उभी — बाबा, तुमी यात काही घालता का? म्या म्हनलं, नाई.

अरे, पऱ्हाटी जाळाच्या आधी दोन दिवस राखेच्या पान्यात भिजवतो आमी. कोळसा जोर धरते. माह्या बापानं बजावलं होतं, पोरीले सांगू नोको, पोरगी इद्या सासरी नेते. म्या नाई सांगतलं. मले काय मालूम, तिचं सारं त्या पान्यातच होतं म्हून? तिनं आपली आकड्यायची वही या भट्टीत टाकली, जळेपर्यंत उभी रायली. आता अकोल्यात कापडाच्या दुकानात घड्या घालते. दोन वर्षं झाले, या घरचं पानी नाई पेली.

लेहून घे — एक भाग राख, चार भाग पानी, वरचं नितळ तेवढं घ्याचं. लेहलं? आता जा, तुही यष्टी निघंन. फोन काहून काढला? कोनाले लावतं? … नोको, बापा. नोको म्हनतो ना … अरे, वाजून रायला तो. दे इकडं.

दामू … मी हाय. दामू, म्या तुले नाई म्हनलं होतं ना, ते —