मोठं भांडं

इन्व्हरकार्गिलच्या बिअर-सामानाच्या दुकानात रांग इतकी हळू सरकते, की पिशवीतल्या जवाला मोड येतात. माझ्यापुढे मर्व्ह आणि त्याची बायको ग्लेनिस बिअर शिजवायची विजेची भांडी बघत उभे होते.

“इतक्या वर्षांनी पुन्हा घरी बिअर करणारेस, तर हे लहान घे. दोघांना पुरे.”

“मोठंच घेतो.”

“त्यातली ओल्या धान्याची जाळी कोण उचलणार? तुझी कंबर?”

“मागे उचलायचोच की.”

“मागे दुसऱ्या कडीला शेजारचा ट्रेव्हर असायचा. त्याच्या बिअरला तू भांड्यांचं धुवण म्हणालास आणि तुमचं बोलणंच बंद झालं.”

“धुवणच होतं ते.”

“मग बोलाव आता त्या धुवणवाल्याला.”

“मी कशाला बोलावू? धान्य शिजायला लागलं की कुंपणापलीकडे वास जाईलच.”

“आणि नाही आला तर?”

“येईल. जीभ गेलीय त्याची, नाक शाबूत आहे.”

गल्ल्यावरची बाई म्हणाली, “काका, छताला कप्पी टांगा. एकट्याने जाळी वर येते. मोठ्या भांड्यावर फुकट आहे.”

“फुकट? घे की मग,” ग्लेनिस म्हणाली.

“कप्पी नको,” मर्व्ह म्हणाला.