दोन दिव्यांमधली बादली

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या मंडळाचे अधीक्षक अभियंता साहेब. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, धरण सुरक्षा कक्षाचे आज निवृत्त होणारे प्रमुख आणि आम्हा सगळ्यांचे सर. सरांच्या शेजारी बसलेल्या आणि सरांच्या वाट्याचं हसू गेली पस्तीस वर्षं स्वतः हसत आलेल्या वहिनी. आणि समोर बसलेले माझे सहकारी, बंधू आणि भगिनी,

माझ्या आधी चार जण बोलले. सरांचा वक्तशीरपणा पहिल्या वक्त्यांनी घेतला, प्रामाणिकपणा दुसऱ्यांनी, साधी राहणी तिसऱ्यांनी. चौथ्यांनी वक्तशीरपणा पुन्हा घेतला, पण ते स्वतः उशिरा आले होते, तो आधीच घेतला गेलाय हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्यासाठी ताटात उरला तो फक्त सरांचा सिनेमा. मी कक्षात सरांच्या हाताखाली सतरा वर्षं काढली, तेव्हा तो माझ्याच वाट्याला यावा हे रास्तही आहे.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटेल, धरणाच्या कचेरीत सिनेमाचं काय काम? तर सांगते. आमच्या कक्षात जो नवा माणूस रुजू होतो, मग तो अभियंता असो की शिपाई, त्याला पहिल्या दिवशी सर एका खोलीत बसवतात, पडदे ओढतात आणि धरण फुटण्याचा एक जुना सिनेमा लावतात. सुरुवातीची फक्त नऊ मिनिटं. धरण फुटतं ते आम्ही कोणीच पाहिलेलं नाही. नायक वाचतो की बुडतो, देव जाणे. नऊ मिनिटं झाली की सर दिवा लावतात आणि विचारतात, "संकट येतंय हे सगळ्यांत आधी कोणी सांगितलं?" उत्तर चुकलं की म्हणतात, "पुन्हा पाहू." म्हणून तर कचेरीत त्यांचं नाव पुन्हापाहू पडलं. सर, तुम्हाला हे आज कळतंय? वहिनींना मात्र माहीत असावं, त्या हसताहेत.

आता मुद्द्याचं. त्या सिनेमाबद्दलची एक गोष्ट मी चार वर्षं सरांपासून लपवून ठेवली आहे. ती आज सांगावी, की सरांना सुखाने घरी जाऊ द्यावं, याचा मी आठवडाभर विचार करते आहे. पण सोमवारपासून तो वर्ग माझ्याकडे येतोय. नव्या पोरांसमोर उभं राहून मी काय सांगायचं, हे सरांच्या समोरच ठरलेलं बरं. झाकली मूठ ठेवून मला तो वर्ग घेता येणार नाही.

आधी ती नऊ मिनिटं तुमच्या डोळ्यांसमोर आणते. सकाळ. धरणाच्या पायथ्याचं गाव जागं होतंय. न्हावी दुकान उघडतो, शाळेत बँडची तालीम चालू आहे. तरुण अभियंता कामावर निघतो आणि बायको दारातून म्हणते, "आज तरी लवकर या." सिनेमात ज्याला लवकर या म्हणतात त्याचं काही खरं नसतं, एवढं तर लहान मूलही जाणतं. मग नियंत्रण कक्ष. एका कारकुनाचा वाढदिवस, केक कापतात. अभियंत्याने लिहिलेला अहवाल साहेब न वाचताच बशीखाली ठेवतात. बाहेर झाडावरचे पक्षी एकदम उडतात, एक कुत्रं भिंतीकडे तोंड करून भुंकतं. घड्याळ तीनदा दाखवतात, कारण प्रेक्षकाच्या मनगटावर घड्याळ नसतं असा दिग्दर्शकांचा समज असतो.

मग सगळ्यांत आधी कोणी सांगितलं? कोणी म्हणतं अहवालाने, कोणी म्हणतं पक्ष्यांनी. मी म्हणाले होते, कुत्र्याने. सर म्हणाले, "तुमच्या शेजारचं कुत्रं भुंकलं तर तुम्ही घर सोडून पळता का?" आणि पुन्हा पाहू. तिसऱ्या खेपेला मला दिसलं. दुसऱ्या मिनिटाला धरणाच्या पोटातली एक लांब, अरुंद वाट दिसते. तिथे एक सफाईवाली बाई ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवते. दुसऱ्या दिव्याखाली. सातव्या मिनिटाला अभियंता त्याच वाटेने धावत जातो, तेव्हा बादली दुसऱ्या आणि तिसऱ्या दिव्याच्या मध्ये आहे. बाई कंबरेवर हात ठेवून छताकडे बघते आहे. पुरती दोन सेकंदं. बादली हलली, म्हणजे पाणी हललं. गळती सगळीकडेच असते, पण जागा बदलणारी गळती वेगळी.

सर सांगायचे, हा दिग्दर्शक फार मोठा माणूस. त्याने कुत्रं भुंकवलं, केक कापला, म्हणजे आपण तिकडे बघत राहावं, आणि खरी बातमी एका बाईच्या हातात देऊन कोपऱ्यात ठेवली. सत्तावीस वर्षं सरांनी हे सांगितलं. सांगताना दर वेळी त्यांचा आवाज जरा हलायचा.

आणि त्याचा उपयोग झाला नाही असं कोण म्हणेल? सहा वर्षांपूर्वी तलाव काठोकाठ भरला असताना मी आपल्या धरणाच्या गॅलरीत, म्हणजे पोटातल्या तशाच वाटेत, उतरले. रोजच्या जागी ठेवलेला डबा चार पावलं पुढे होता. तिसऱ्या रांगेत बसलेल्या आपल्या मावशी तेव्हा तिथे झाडत होत्या. मी विचारलं, "मावशी, डबा तुम्ही हलवलात?"

मावशी म्हणाल्या, "मी कशाला हलवू बाई? पाणी हललं. मी आपली पाण्यामागे डबा नेते."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले की. मला वाटलं, तुमच्या यंत्राला कळलं असेल."

यंत्राला कळलं नव्हतं. यंत्र एकूण गळती मोजायचं आणि एकूण गळती तेवढीच होती. मी सरांना बोलावलं. सर डब्यापाशी उकिडवे बसले, वर बघितलं आणि मला खुर्ची आणायला सांगितली. स्वतःसाठी नव्हे, मावशींसाठी. मग चारही दिवसांचं त्यांना विचारून लिहून घेतलं. पाणी बाहेर सोडणारं एक भोक चुन्याने बुजलं होतं आणि आतला दाब भिंतीला दुसरीकडून वाट शोधत होता. तलावाची पातळी उतरवली, तीन आठवडे काम केलं. गावात कोणाला पत्ताही लागला नाही. वर्तमानपत्रात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत आणि त्याचा सरांना अतिशय आनंद झाला होता.

आता माझी चोरी. चार वर्षांपूर्वी नव्या माणसांसाठी मी एक पुस्तिका लिहायला घेतली. वाटलं, त्या दिग्दर्शकाचे दोन शब्द त्यात असावेत. दिग्दर्शक वारले होते. पण सिनेमाच्या संकलकांचा, म्हणजे चित्रित तुकडे कापून जोडणाऱ्या गृहस्थांचा पत्ता मिळाला. मी त्यांना लिहिलं, बादली सरकवण्याची कल्पना कोणाची? त्यांचं उत्तर आलं, ते मी सोबत आणलं आहे. वाचते.

"बाईसाहेब, तुम्ही म्हणता ती कल्पना कोणाचीच नव्हे, ती आमची चूक आहे. ती बादली कथेत नव्हती आणि ती बाई नटी नव्हती. एका बंद पडलेल्या गिरणीत आम्ही ती वाट उभारली होती. इमारतीचं छप्पर गळायचं आणि तिथली सफाईवाली बादली ठेवायची. दोन तुकड्यांचं चित्रण तीन दिवसांच्या अंतराने झालं, मधल्या काळात बादली सरकली. मला टेबलावर दिसलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, लोक नायकाकडे बघतात, बादलीकडे कोण बघतो? तुम्ही बघितलीत. इतक्या वर्षांनी पकडलं जाण्यात एक मौज आहे. ता. क. इमारत अजून उभी आहे. हल्ली तिथे लहान मुलांचे नाचाचे वर्ग भरतात. बादल्या मात्र वाढल्या, मागच्या खेपेला मी अकरा मोजल्या."

हे पत्र वाचून मी आधी हसले आणि मग मला रडू आलं. ज्या दोन सेकंदांवर सरांनी आख्खा कक्ष उभा केला, ती दोन सेकंदं म्हणजे सिनेमावाल्यांचा गलथानपणा? हे सरांना सांगायचं कोणत्या तोंडाने? मी पत्र खणात ठेवलं, कुलूप लावलं आणि पुस्तिकेत दिग्दर्शकाचा उल्लेखच टाळला. सर, तुम्ही दोनदा विचारलंत, "त्यांचं उत्तर आलं का?" मी दोनदा नाही म्हणाले. सतरा वर्षांत तुमच्याशी खोटं बोलले ते एवढंच, आणि त्याची मला लाज वाटते.

सोमवारी मी नव्या मुलांना खरं ते सांगणार आहे. बादली चुकून सरकली होती, तरी सरांना ती दिसली. मला वाटतं, यात सरांचं काही उणं होत नाही. पण ते सरांनी म्हणायचं आहे. सर, तुम्ही रागावला असलात तर...

पत्र हवंय? हो, देते ना. जरा पुढे पोचवा.

मंडळी, एक मिनिट थांबू या. सर चष्मा लावताहेत. वाचू द्या त्यांना.

काय म्हणालात, सर? ध्वनिक्षेपक द्या त्यांच्याकडे. नको म्हणताहेत, मीच मोठ्याने सांगते. सर विचारताहेत, "चूक कुठे आहे यात?" म्हणताहेत, "छप्पर खरं, बाई खरी, बादली खरी. नायक तेवढा खोटा." ऐकलंत? आणि मी चार वर्षं...

हो सर. तारखेवरून चार वर्षं झाली. हो, अकरा. त्यांनीच मोजलेल्या.

पुढचं? छपराचं पुढे काय झालं?

नाही सर. ते मी विचारलं नाही.

मावशी, तुम्ही काय म्हणालात? मावशी म्हणताहेत, "एकाच्या अकरा झाल्या बाई, त्याला छप्पर म्हणत नाहीत." खरं आहे मावशी. मला ती ओळ गंमत वाटली होती. घरी आलेल्या पाहुण्यांना मी ती सांगितलीही होती, हसवायला.

सर, नंबर पत्राच्या डोक्यावर छापलेला आहे. हो, या वेळेला ते संकलक घरी असतील. अध्यक्ष महोदय, क्षमा असावी, सत्कारमूर्ती उठून बाहेर पॅसेजमधल्या फोनकडे गेले आहेत. वहिनी, तुम्ही बसा. वहिनी म्हणताहेत, लग्नातही असंच झालं होतं.

तेव्हा पुष्पगुच्छ थोडे थांबतील. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि हा कार्यक्रम घडवून आणणाऱ्या सर्वांचे मी मनापासून आभार मानते. भाषण संपवताना चुकांची माफी मागावी, अशी रीत आहे. उच्चार चुकले असतील, कोणाचा मान राहिला असेल, तर पोटात घाला. पण एका चुकीची माफी आज मागत नाही. एका इमारतीत मुलं नाचताहेत आणि तिचं छप्पर अकरा ठिकाणी गळतंय, असं मला एका माणसाने लिहून कळवलं होतं. मी ते सिनेमाबद्दलचं पत्र समजले आणि खणात ठेवलं. ही चूक माफ होण्याजोगी आहे की नाही, ते फोन लागल्यावर कळेल.

दार उघडंच आहे. कृपा करून कोणी टाळ्या वाजवू नका, सरांना पलीकडचं नीट ऐकू आलं पाहिजे.