जानूदाजींची दोरी

मंडळी, बसा. गावकरमामा, तुमीबी बसा. आज समदा गाव हितं आलाय. काय बोलू? मधाच्या माश्या डसून माझं डोळं सुजल्यात, जीभ जड झालीया. पर आज बोललो न्हाई तर तुमी हितनं उठून कड्यावरचं मोहोळ जाळायला जाणार. पडवीत टेंभं बांधून ठेवल्यात, मी बघितलंय.

जानू माझं दाजी. अक्काचं मालक. मधाला कड्यावरनं उतरणाऱ्याची दोरी आपल्याकडं बायकोच्या भावानंच धरायची. भणीचं कुंकू कुणी हातातनं सोडत न्हाई, म्हणून. मी धरली. शेवटपतुर धरली. हे तळवं बघा, सालटं निघाल्यात.

पर दाजींस्नी कड्यावर धाडलं कुणी? बोला की! देवीच्या जत्रेला मध पायजे म्हणून तुमीच धाडलंसा. दाजी म्हणालं, "मामा, आत्ता नगं. पोळ्यात मध थोडा, पिल्लं लई. अशा वक्ताला माशी सोडत न्हाई." आणि मामा, तुमी काय म्हणालासा? "देवीच्या कामाला भ्यालास व्हय?" झालं! देवीचं नाव निघाल्यावर दाजी कुठलं थांबत्यात. रातीचं उतरायचं सोडून भर उजेडी उतरलं.

वारा फिरला, माश्या हटवायला केलेला धूर उलटा गेला. समदं मोहोळ त्यांच्या तोंडावर पडलं. डोळ्यांत, कानांत, नाकात. दाजी वरडत व्हतं, "सोडू नगंस! वढ!" मी वढलं. वर आलं तवा तोंड वळखू येत नव्हतं. अक्कानं कानातल्या बाळीवरनं वळखलं.

आता तुमास्नी सूड पायजे. कुणाला जाळणार? दाजींनीच मला दावलं व्हतं, माशीची नांगी काटेरी असती. एकदा घुसली की निघत न्हाई. माशी उडाया बघती, तिचं आतडं तुटून मागं ऱ्हातं. इखाची पिशवी नंतरबी धडधडती, पर माशी मरती. ज्यांनी दाजींस्नी मारलं त्या समद्या मेल्या. मी मुठी भरभरून त्यांच्या अंगावरनं झाडल्यात.

आता कड्यावर हायत ती पिल्लं. अळी खाऊन खाऊन फुगती, कात टाकती, परत फुगती. मग घराला झाकण पडतं. आत पांढरं अंग गप निजतं, आधी डोळं रंगत्यात, मग पाय, पंख सुटं व्हत्यात. त्यांनी कुणाला डसलंय? ज्यांच्या शब्दानं दाजी गेलं ते हितं बसल्यात की!

तरीबी जायचं? जावा. पर कपारीत वरनं टेंभा पोचत न्हाई. दोरीला लोंबावं लागतं. तुमची दोरी कोण धरणार, मामा? मी? मला लई राग आलाय. माझ्या हातांचा भरवसा धरू नका.

अक्का तिकडं उंबऱ्यात बसलीया, बघतीया. दाजींसाठी समद्यांनी उभं ऱ्हायाचं, घटकाभर गप ऱ्हायाचं. पर त्याच्या आधी पडवीतलं टेंभं आणून ह्या पाण्याच्या हंड्यात बुडवा.

पयला तुमचा, मामा. मी थांबतो.