अकरा पानांची खोली

— नाही गं, सोफा नको हलवूस, राहू दे तिथेच — बरं, हलवच. भिंतीपाशी सरकव. हिमानी ना तू? नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून हा फ्लॅट विकायचाय, मागच्या मंगळवारी तूच सांगितलंस. हे येतीलच आत्ता, आमचे हे — खाली टोटो रिक्षातून उतरलो, कुणी ओळखीचं भेटलं, आता दोन शब्द बोलल्याशिवाय यांचा पाय निघायचा नाही. तेवढ्यात तुला सांगून ठेवते. हातात पाट असेल त्यांच्या, घाबरू नकोस. घर बघायला लोक फीत नेतात, हे जेवायचा पाट नेतात! मांडायचा, उचलायचा, पुढे मांडायचा. एका ओळीत अकरा पानं बसली तर घर घ्यायचं, नाही तर चला. सहा मकानं नापसंत केली अशी. एकानं तर विचारलं, पंडितजी, पूजा कब शुरू होगी?

अकराच का? अगं, महाराष्ट्रातून यजमान येतात ना इथे तीर्थावर श्राद्धाला, त्यांची पंगत दुर्गाघाटावर आमच्याकडेच — म्हणजे सासऱ्यांच्या वेळी असायची. आता लोक हॉटेलात उतरतात. गेल्या पितृपक्षात किती पानं वाढली मी? तीन. त्यातलं एक यांचं. पण बोलायची सोय नाही. आणि हा तुझा हॉल, मी वितीनं मोजून गेले ना? नऊ पानं. वर अर्धंसुद्धा नाही. मग — हसू नकोस हं — नदीपलीकडच्या रामनगरच्या सुताराला बोलावलं, पॉलिशच्या नावाखाली अकराच्या अकरा पाट त्याच्या नावेत घातले, आणि चार-चार बोटं कापून आणले! शिसवी पाट गं, सासऱ्यांचे. माझाच जीव खालीवर झाला. पण आता अकरा बसतात, बरोब्बर. ब्राह्मण जरा सडपातळ हवेत, एवढंच.

तुला वाटेल, हिला मोठं घर का नको? आहे की मोठं — तीन मजले, नऊ खोल्या, माणसं दोन. हे वर पोथ्यांत, मी खाली स्वयंपाकघरात. चहा झाला की फोन करते, घरातल्या घरात! भांडायचं तर सीढ्या चढाव्या लागतात, वर पोचेपर्यंत राग जातो, नुसती धाप उरते. आणि श्रावणात हे वर न्हाणीत घसरले. तासभर पडून होते. मी खाली मिक्सरवर चटणी वाटत होते. हाका मारल्या म्हणे — नाव घेऊन. एक्केचाळीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं गं माझं नाव, ते घेतलं, आणि मला ऐकूच आलं नाही... असो. हाड मोडलं नाही, नशीब. पण मला आता असं घर हवंय, की यांनी कूस बदलली तरी मला कळावं. दोन कमरे म्हणजे खूप झाले. हे त्यांना नाही सांगितलेलं, एवढं मोठं घर सांभाळलेला माणूस, मनाला लागेल. तू पण बोलू नकोस — लिफ्ट आली बघ. गप्प.

या, या! केवढा वेळ! ही हिमानी. मांडा तुमचा पाट. — सात... आठ... नऊ... जरा इकडून, दार लागेल — दहा... अकरा! बघा! बसली की नाही? — आता बसून कशाला बघताय? मांडी बाहेर जातेय ती तुम्ही सुटलात म्हणून, पाटाला काय झालंय? — मी? मी काय करणार? पॉलिश केलं फक्त — काय? सुतारानं सांगितलं? कधी? — पाट परत आणले त्याच दिवशी? म्हणजे चार दिवस तुम्हाला माहीत होतं, आणि तरी आत्ता मुकाट्यानं अकरापर्यंत मोजलंत?

...

हिमानी, तू जरा आत जा बघू. — घर तुझंच आहे गं, पण जा.